मांजराच्या वर्षातलं लायसन्स

त्या पोलिसाला मी 'एम' म्हणाले आणि तिथेच बिनसलं.

एम म्हणजे धाकटं भावंड. तो पंचविशीचा दिसत होता, मी छत्तिशीची. हिशोबाने काही चुकलं नव्हतं. व्हिएतनामी माणूस तोंड उघडण्याआधी समोरच्याचं वय मनाशी लावून घेतो, कारण 'मी' आणि 'तू'च्या जागी नात्याचेच शब्द घालायचे असतात. समोर मोठा भाऊ असेल तर मी धाकटी बहीण, समोर मावशीच्या वयाची बाई असेल तर मी लेक. हे गणित मला पाच वर्षांत बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. फक्त गणवेशातल्या माणसाला वय नसतं, तो कायम 'आन', म्हणजे दादा, एवढं शिकायचं राहून गेलं होतं. हवालदाराला 'काय रे बाळा' म्हटल्यासारखं झालं ते. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लायसन्स मागितलं.

लायसन्स नव्हतं. दंड झाला, तो रास्तच होता, आणि गाडी सात दिवस जमा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर दंडाचं त्याला फार काही वाटलं नाही. 'एम' ऐकून मात्र तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

(ओघात आलंय म्हणून सांगते, मी नवऱ्यालाही 'आन'च म्हणते. इथल्या बायका तसंच म्हणतात, आणि स्वतःला 'एम'. लग्न ठरलं तेव्हा मी हे मोठ्या कौतुकाने आईला सांगितलं होतं. "नवऱ्याला दादा?" एवढंच म्हणून तिने फोन बाबांकडे दिला.)

पुण्यात माझं रीतसर लायसन्स होतं. सिंहगड रोडवरून कॉलेज, कॉलेजातून क्लास, क्लासमधून घर, अशी सगळी वर्षं स्कूटीवर गेली. मग एका गणपतीत स्वारगेटच्या गर्दीत पाकीट मारलं गेलं, त्यात लायसन्स गेलं, आणि दुसरं काढायचं राहिलं ते राहिलंच. ते असतं तर काम सोपं होतं. भाषांतर करून, शिक्के मारून घेतले की त्यावर इथलं लायसन्स मिळतं. पुष्कळ भारतीय मंडळी आंतरराष्ट्रीय परवाना खिशात ठेवून इथे निर्धास्त गाड्या चालवतात. पण आपल्याकडे मिळतो तो परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराचा, आणि व्हिएतनाम मानतो तो १९६८च्या व्हिएन्ना कराराचा. म्हणजे तो कागद इथे बिनकामाचा. हे बहुतेकांना कळतं ते अपघात झाल्यावर, विम्याचा दावा फेटाळला गेला की.

उरला एकच रस्ता. इथल्या माणसांसारखी इथली परीक्षा द्यायची, व्हिएतनामीतून.

सासूबाई म्हणाल्या, "यंदा नको."

सासूबाईंना मी 'मा' म्हणते. दक्षिणेकडे आईला मा म्हणतात, सूर वर चढवून. सूर सपाट राहिला तर त्याचा अर्थ भूत होतो, आणि पहिलं वर्षभर मी त्यांना काय हाका मारत होते ते त्यांनी मोठ्या मनाने कधी सांगितलं नाही. 'यंदा नको'चं कारण माझ्या जन्मसालात होतं. इथेही चीनसारखंच बारा प्राण्यांचं चक्र आहे, फक्त चिनी सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी रेडा. मी १९८७ची, म्हणजे मांजर. २०२३ हेही मांजराचंच वर्ष. आपलं वर्ष फिरून आलं की माणसाने जपून राहायचं, मोठं काही सुरू करायचं नाही. याला 'नाम तुओय' म्हणतात. साडेसातीची धाकटी बहीण समजा. त्यात त्या चांद्रवर्षात दुसरा महिना दोनदा आला होता, आपल्या अधिक महिन्यासारखाच. म्हणजे माझं वाईट वर्ष चांगलं तेरा महिन्यांचं.

आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी टांगलेली असतात. एक मांचं, जाडजूड, रोज एक पान फाडायचं. इंग्रजी तारखेखाली बारीक अक्षरात चांद्र तिथी. दुसरं आई दरवर्षी पाठवते ते कालनिर्णय. चंद्र एकच असल्यामुळे दोघांचं एरवी छान जमतं. त्यांची पंधरावी म्हणजे आपली पौर्णिमा, फार तर एका दिवसाचा फरक, आणि महिना त्यांचाही अमावस्येला संपतो. पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी मा मासे-मटण शिवत नाहीत. आपल्याकडे उपवासाला साबुदाणा, त्यांच्याकडे टोफू. पण २०२३मध्ये दोन्ही कॅलेंडरांची फारकत झाली. त्यांचा अधिक महिना मार्च-एप्रिलमध्ये येऊन गेला, आपला अधिक श्रावण जुलैत लागला. याचा मला पुढे त्रास व्हायचा होता.

शेवटी नवऱ्याने तोड काढली. परीक्षा म्हणजे अभ्यास, आणि अभ्यास सुरू करायला कुठलं वर्ष आडवं येत नाही. मांना ते पुरतं पटलं नाही, पण जमा झालेली गाडी सोडवताना गेलेले पैसे त्यांना अजून बोचत होते.

लेखी परीक्षा तेव्हा अशी होती : दोनशे प्रश्नांच्या संचातून २५ प्रश्न, १९ मिनिटं, २१ बरोबर आले पाहिजेत. शिवाय त्यात एक प्रश्न 'दिएम लिएत'चा. लिएत म्हणजे लुळं पडलेलं. तो एक चुकला की बाकीचे २४ बरोबर असूनही नापास. रस्त्यावर ज्या चुकीने माणूस मरतो, ती चूक कागदावरही माफ नाही, असा हिशोब. मला तो आवडला.

आवडली नाही ती भाषा. पुस्तक उत्तरेतल्या हनोईच्या वळणाचं, मी शिकलेली बोली दक्षिणेतल्या आमच्या सायगॉनच्या, म्हणजे हो ची मिन्ह शहराच्या, गल्लीतली. वळायला आमच्याकडे 'क्वेओ' म्हणतात, पुस्तकात दुसराच शब्द. हेल्मेटला आम्ही 'नॉन बाओ हिएम' म्हणतो, पुस्तक 'मू' म्हणतं. (बाओ हिएम म्हणजे विमा. विम्याची टोपी! मला वाटतं, पुण्यात हेल्मेट या नावाने आलं असतं तर मोर्चे जरा कमी निघाले असते.) वऱ्हाडातल्या पोराने सदाशिव पेठेतल्या व्याकरणातून वाहतुकीचे नियम शिकावेत तशी माझी गत झाली.

समोरच्या घरातला पाचवीतला मुलगा माझा मास्तर झाला. रोज संध्याकाळी तो कलिंगडाच्या बिया सोलत पायरीवर बसायचा आणि मला प्रश्न विचारायचा. गल्लीतल्या बायका जाता-येता उत्तरं द्यायच्या, त्यातली निम्मी चुकीची, आणि त्या सगळ्या वीस-वीस वर्षं गाडी चालवत होत्या. रात्री १० ते पहाटे ५ शहरात हॉर्न वाजवायला बंदी आहे, हे माझ्या तोंडून ऐकून कण्याभातवाली को हाय इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. चौकात आधी कोण जाणार याचा एक मंत्र आहे, तो मात्र सगळ्यांना पाठ : 'न्यत चम, न्यी उऊ, ताम दुओंग, तू हुओंग.' एक, ज्याचं चाक चौकात आधी टेकलं तो. दोन, तातडीची गाडी. तीन, मोठ्या रस्त्यावरून येणारा. चार, दिशा बघून. पावकी-निमकीच्या चालीवर मीही तो घोकला. तातडीच्या गाड्यांची यादी बंबापासून सुरू होते, मग लष्कर-पोलीस, रुग्णवाहिका, पुरात बांध वाचवायला निघालेल्या गाड्या, आणि सर्वांत शेवटी अंत्ययात्रा. प्रेताला वाट द्यायची हे आपण रीत म्हणून करतो, इथे ते कलमात आहे.

अशा पाठांतराच्या युक्त्यांना 'मेओ' म्हणतात. दक्षिणेत मांजराच्या वर्षालाही मेओच म्हणतात, सूरसुद्धा तोच. घरात फिरणाऱ्या मांजराचा सूर तेवढा वेगळा. "मेओ बाई मेओ शिकतेय," मास्तर गल्लीभर सांगत सुटायचा.

गल्लीत माझं खरं नाव कुणी घेत नाही. माझ्या नावात एक 'ळ' आहे, त्यापुढे सगळे हात टेकतात. दक्षिणेत भावंडांना नंबरावरून हाक मारतात आणि मोजणी दोनपासून सुरू होते. थोरला तो दोन नंबर, पाठचा तीन नंबर. एक नंबर का नाही, याची कारणं चौघांनी मला चार सांगितली आहेत. नवरा भावंडांत तिसरा, म्हणजे चार नंबर, म्हणून मीही 'ची तू', चार नंबरची ताई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही माणसं मला मराठीत अरे-तुरे करताहेत.

गाडीचे धडे दिले ते चू बा यांनी. तीन नंबरचे काका, म्हणजे भावंडांत दुसरे. जन्मभर 'से ओम' चालवली. से ओम म्हणजे मिठीची गाडी. पाठीमागे बसून चालकाला धरायचं, त्यावरून. परीक्षेची गाडी माझ्या स्कूटीसारखी नसते. तिला पायाने टाकायचे गियर असतात, क्लचचा दांडा मात्र नसतो. पहाटे साडेपाचला, बंद पडलेल्या एका गोदामासमोरच्या मोकळ्या जागेत, चू बांनी विटेच्या तुकड्याने भला मोठा आठ काढला. आपल्या आरटीओतही आठ काढावा लागतो, तसाच. मी गाडी घातली आणि दुसऱ्या वळणावर रेघेबाहेर.

"पाय नको टेकवू."

"टेकवला नाही, आपोआप टेकला."

"चाकाकडे बघू नको. जिथे जायचंय तिथे बघ."

पंधरा दिवस हे चाललं. तिसऱ्या गियरमध्ये टाकायची, मूठ एका जागी धरायची, ब्रेकला हळूच पाय ठेवायचा आणि मान आधी वळवायची. गाडी मानेमागे येते. इंग्रजी आठ बंद असतो, त्यात फिरत राहता येतं. आपला ८ मला फार आठवला त्या दिवसांत. वरून आत शिरायचं, एक गोल वळसा, आणि शेपटीवरून सुटका!

चू बांच्या मते हा आठ म्हणजे पोरखेळ होता. खरी परीक्षा फू दोंगच्या चौकात. शहराच्या अगदी मध्यावरचा, सहा रस्त्यांचा चौक. त्यातल्या एकाचं नाव 'काच मांग थांग ताम', म्हणजे ऑगस्ट क्रांती. त्यांची १९४५ची, आपली १९४२ची. चौकाच्या मधोमध घोड्यावर स्वार झालेल्या एका वीराचा पुतळा आहे, आणि या पुतळ्याचा माझ्या डोक्याला वेगळाच ताप आहे. घरच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी तो फॉरवर्ड येतो : व्हिएतनामने शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं आणि तिथे महाराजांचा पुतळा आहे. मग काका, मामा, आत्या, बाबांचे बँकेतले मित्र, सगळे मला विचारतात, पाहिलास का? फोटो पाठव. मी सायगॉनमध्ये इतकी वर्षं राहते, मला तो कुठे दिसलेला नाही आणि इथल्या कुणी त्याबद्दल ऐकलेलंही नाही, असं एकदा लिहिलं. त्यावर मामाने उत्तर दिलं, "नीट शोध." तेव्हापासून मी गप्प बसते.

पहिली परीक्षा एप्रिलमध्ये झाली, त्यांच्या अधिक महिन्यात. डोळे-बिळे तपासून दाखला घेतलेला होता. सकाळी कुणाला न उठवता निघाले आणि भूक लागली म्हणून टेबलावरचं एक केळं खाल्लं.

लेखी परीक्षेत २५पैकी २४. चुकला तो प्रश्न ओझ्याच्या उंचीचा होता, जीवावरचा नव्हता. मग मैदान. आधी इंग्रजी आठ, मग सरळ अरुंद पट्टा, मग आडव्या अडथळ्यांतून नागमोडी, शेवटी खडबडीत रस्ता. सुरुवात शंभर गुणांनी. रेघेला चाक लागलं, पाय टेकला, गाडी बंद पडली की दर खेपेला पाच वजा. ८० राहिले तर पास. रेघांखाली यंत्रं आणि वर कर्णा. त्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला, अत्यंत शांत आवाज येतो : "त्रू नाम दिएम." वजा पाच गुण.

आठात शिरताना मी पुढच्या चाकाकडे बघितलं. त्रू नाम दिएम. ते ऐकून पुन्हा बघितलं. त्रू नाम दिएम. बाहेर पडताना तिसऱ्यांदा. ८५ उरले होते, अजून काही बिघडलं नव्हतं. नागमोडी पट्ट्यात पाय टेकला, आपोआप, आणि त्याच घाबरीत गाडी बंद पडली. कर्ण्यातल्या बाईने दोन्ही वेळा त्याच शांतपणे सांगितलं. शंभरातून पंचवीस गेले. बाहेर पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या साठ-सत्तर पोरापोरींनी माझी बेरीज माझ्याआधी केली होती.

घरी आले तर मा टेबलापाशी केळीची साल हातात धरून उभ्या.

"परीक्षेच्या दिवशी केळं खाल्लंस?"

परीक्षेत नापास होणं म्हणजे केळीच्या सालीवरून घसरणं, असा इथे वाक्प्रचार आहे. परीक्षेच्या सकाळी केळं घरात कुणाला दिसूही देत नाहीत. नाम तुओय, अधिक महिना, वर केळं. पंचवीसच गुण कसे गेले याचंच मांना आश्चर्य वाटलं.

दुसरी तारीख मिळाली जुलैच्या शेवटी. मी कालनिर्णय बघितलं : अधिक श्रावण. आईला फोन लावला. तिने नुकतेच जावयासाठी अनारसे पाठवले होते, ते कुरिअरमध्ये भुगा होऊन पोचले तरी नवरा चमच्याने खात होता. आई म्हणाली, अधिक महिन्यात मंगलकार्य करत नाहीत, पण परीक्षेला काही नसतं, तू जा. फक्त दही-साखर खाऊन जा. इकडे मांनी दुसरं ठरवलेलं. 'दाऊ' म्हणजे शेंगदाणे, मूग, चवळी यांपैकी काहीही, आणि इथे परीक्षेत पास होण्यालाही दाऊच म्हणतात. म्हणून पहाटे चार वाजता उठून त्यांनी मूग घालून चिकट भात वाफवला, 'सोय दाऊ'. दाराशी जमिनीवर बसलेल्या ओंग दियाला, म्हणजे त्या हसऱ्या, ढेरपोट्या भूमिदेवाला, बर्फ घातलेली दुधाची कॉफी ठेवली. नेहमीची केळी त्या दिवशी त्याच्यापुढूनसुद्धा उचलली.

दही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. त्याला इथे 'या उआ' म्हणतात, फ्रेंचांकडून आलेला शब्द. ते आटवलेल्या गोड दुधाचंच लावतात. साखर आधीच आत.

मैदान ओलं होतं, पावसाळा मध्यावर आलेला. मी झाडाच्या शेंड्याकडे बघत आठ काढला. कर्ण्यातली बाई एकदाच बोलली, शेवटच्या खडबडीत पट्ट्यावर. ९५.

लायसन्स मिळालं तरी मा माझ्या मागे बसेनात. आधी गल्लीत चालवून दाखव, म्हणाल्या. मग आपल्या मोहल्ल्यात, मग फू न्युआन जिल्ह्यात. (१ जुलै २०२५पासून शहरातले जिल्हेच कागदावरून गेले, पण कुणी विचारलं तर आम्ही अजून फू न्युआनच सांगतो.) चालवताना मला कळत गेलं की पुण्यात शिकलेलं इथे निम्मं विसरायचं आहे. इथे उजवीकडून चालतात, हे हाताला एका आठवड्यात कळतं. मानेला कळायला दोन महिने लागतात. गल्लीतून बाहेर पडणारा माणूस वाहत्या रस्त्याकडे ढुंकूनही बघत नाही, तो सरळ प्रवाहात शिरतो. त्याला सांभाळणं मागच्याचं काम. पहिले काही दिवस मी पुणेरी पद्धतीने अशा प्रत्येकाला दोन शब्द सुनावले. मराठीतून, म्हणजे कुणाला कळायचं कारण नव्हतं. एकदा एका आजींनी माझ्याकडे वळून गोड हसून मान डोलावली. त्यांना वाटलं, मी 'जा, जा, आधी तुम्ही' म्हणतेय.

एका बाबतीत मात्र मी तयारीनिशी आले होते. उन्हात बायका इथे डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेतात : टोपीचा कोट, हातमोजे, तोंडाला कापड, वर काळा चष्मा, कमरेला गुंडाळलेलं झाकण. पोरं त्यांना 'निंजा' म्हणतात. फर्ग्युसन रस्त्यावर स्कार्फ बांधून दहा वर्षं काढलेल्या मुलीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मा माझ्या मागे बसल्या त्या सप्टेंबरमध्ये, आणि तेही नाइलाजाने. धाकट्या नणंदेकडे, नदीपलीकडे जेवायला गेलो होतो. नवरा तिथूनच कामाला गेला. निघायची वेळ झाली आणि आभाळ कोसळलं. चांद्र महिन्याची पंधरावी होती. मांना ते कॅलेंडरवरून ठाऊक होतं आणि मला माझ्या आजोळामुळे. पौर्णिमेला उधाण येतं हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. सायगॉन समुद्रकाठी नाही, पण भरती नदीतून चढते आणि सखल भागात गटारांतून वर येते. अर्धा तास थांबलो तर रस्त्यावर गुडघाभर पाणी होईल, आत्ता निघालो तर घोटाभर.

नणंदेने दोन डोक्यांचा रेनकोट काढून दिला. ही वस्तू मी इथे येईपर्यंत पाहिली नव्हती. एकच मोठं प्लॅस्टिकचं पांघरूण, गळ्याला दोन भोकं, पुढच्या पदरात पारदर्शक चौकोन शिवलेला, म्हणजे हेडलाइटचा उजेड बाहेर पडतो. मांनी मागच्या भोकातून डोकं काढलंच नाही. त्या आत, माझ्या पाठीशी, अंधारात बसून राहिल्या. दोन्ही हातांनी माझं पोट घट्ट धरलेलं. प्रत्येक वळणाला आतून आवाज यायचा.

"कुठे आलो, कॉन?"

कॉन म्हणजे लेकरा.

"पूल चढतोय, मा."

"ट्रक आहे का?"

"नाही." ट्रक होता.

"हळू घे. पाय वर घेऊ का?"

"घ्या."

त्यांनी पाय वर घेतले ते माझ्या पायांवर ठेवले. मला गियर टाकायचा नव्हता, गाडी आमची स्कूटरच, पण मला हसू फुटलं आणि ते पाठीतून त्यांना कळलं. मग त्याही आत हसायला लागल्या. घरापाशी रेनकोट उचलला तेव्हा त्यांच्या केसाला थेंब लागला नव्हता. चू बांना त्यांनी सांगितलं, "काही दिसलं नाही, म्हणून चांगली चालवते."

आई आली २०२५च्या जानेवारीत, त्यांच्या नव्या वर्षासाठी, तेतसाठी. २९ जानेवारीला सापाचं वर्ष लागणार होतं. आईला पहिल्याच सकाळी को हायच्या गाडीवर नेलं. इथला सगळ्यांचा नाश्ता 'कम ताम', तुटक्या तांदळाचा भात. एकेकाळी चांगला तांदूळ विकून गरिबांनी घरी शिजवायचा तो. आईने एक घास घेतला. "अगं, या तर कण्या!" असं म्हणून तिने दुसरी ताटली मागितली, अंड्याबरोबर.

हेल्मेट घालायला तिने पुणेरी खळखळ केली, केस बसतात म्हणून. इथे १५ डिसेंबर २००७ला हेल्मेट सक्तीचं झालं आणि एका दिवसात सगळ्या शहराने डोक्यावर चढवलं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "यांना वेळ असेल."

गावभर 'माई' नावाच्या पिवळ्या फुलांच्या कुंड्या मोटरसायकलींवरून निघाल्या होत्या. चालकाच्या मागे झाडच बसल्यासारखं दिसायचं. मी आईला मागे बसवून न्युएन हुएच्या रस्त्यावरची फुलांची सजावट दाखवायला निघाले. त्या महिन्यात शहर वेगळंच वाटत होतं. १ जानेवारीपासून लाल दिवा तोडण्याचा दंड दहा लाख दाँगच्या आतून एकदम चाळीस ते साठ लाखांवर गेला होता. एखाद्याचा निम्मा-अधिक पगारच. फुटपाथवर गाडी घातली तरी तेवढाच. इतकी वर्षं मी जे पाहिलं नव्हतं ते आता रोज दिसत होतं. पांढऱ्या पट्ट्यामागे शे-दोनशे दुचाक्या, एकही चाक पुढे नाही, सगळ्यांच्या नजरा दिव्यावर.

फू दोंगच्या चौकाच्या तोंडाशी असाच दिवा लागला. समोर घोडा, घोड्यावर तो. पाठीमागून आईचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"हेच ना ते?"

"नाही गं आई. मी ग्रुपवर लिहिलं होतं ना."

"मग कोण?"

"गोष्टीतला आहे. फू दोंग गावचा मुलगा. तीन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलला नव्हता. मग शत्रू चालून आला, राजाचा दूत गावात आला, तेव्हा एकदम बोलला. म्हणाला, मला लोखंडाचा घोडा द्या."

"पहिलंच वाक्य?"

"जवळजवळ. मग सगळ्या गावाने त्याला भात घातला, तो खाऊन मोठा झाला, शत्रूला हाकलून लावलं. हातातलं शस्त्र मोडलं तर बांबू उपटून मारलं. आणि तसाच घोड्यावरून आभाळात गेला, कुणाकडून काही घेतलं नाही."

आई थोडा वेळ बघत राहिली. शेजारच्या गाडीवरची पोरगी माईच्या कुंडीआडून आमच्याकडे बघत होती.

"असू दे," आई म्हणाली. "घोड्यावर आहे, शत्रूला पळवलंय. नमस्काराला काय जातं?"

मी आरशात बघितलं. तिने डोळे मिटून दोन्ही हात जोडले होते, म्हणजे मला धरलेलं नव्हतं. दिवा हिरवा झाला. शे-दोनशे गाड्या एकदम सुटल्या, आणि मला काही ती हलवेना. मागून हॉर्न सुरू झाले.

"आई, धर."

"थांब जरा," ती म्हणाली, "मामासाठी एक फोटो काढते."